नळाचं पाणी कुठल्या समुद्राला? इंदूरहून सुरू करायचे उफराटे नकाशे

सोलापूरला माझी मावशी राहते. लहानपणी मे महिन्यात इंदूरहून तिच्याकडे जायचं म्हणजे मोठं प्रकरण असायचं. आधी मीटरगेजच्या गाडीने महू, पाताळपाणी, कालाकुंड करत खंडवा. तिथे गाडी बदलून भुसावळ, पुढे मनमाड, मनमाडहून खाली दौंड आणि दौंडहून सोलापूर. एवढे वळसे घेतल्यामुळे असेल, पण सोलापूर आपल्या नैऋत्येला, पुण्याच्या अंगाला कुठेतरी आहे असा माझा पक्का समज होता. चाळिशी उलटल्यावर एकदा सहज दोन्ही गावांचे रेखांश शेजारी शेजारी लिहिले. इंदूर ७५.८६, सोलापूर ७५.९१. म्हणजे आमच्या गच्चीवर दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं, की मावशीचं घर नाकासमोर, साडेपाचशे किलोमीटरवर!

त्या दिवसापासून मला हा नाद लागला. नव्याने नाद लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. ‘हे नकाशे पाहून थक्क व्हाल’ छापाचे फॉरवर्ड सगळ्यांनाच येतात. आपण थक्क होतो आणि चहा संपेपर्यंत विसरतो, कारण त्या नकाशात आपण कुठेच नसतो. माझी रीत साधी आहे: कुठलाही विचित्र नकाशा दिसला की तो आधी आपल्या घरावरून काढून बघायचा. उदाहरणं अर्थातच इंदूरची देते. ग्वाल्हेर-बडोद्याच्या मंडळींनी आपले आकडे घालावेत.

सामान फार लागत नाही. फोन, आलेखाची वही, हातभर दोरा, एक सरळ काठी आणि पृथ्वीगोल. पृथ्वीगोल नवाच हवा असं नाही. माझा रद्दीवाल्याकडून आणलेला आहे. त्यावर सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे, पण समुद्र आणि डोंगर जागेवर आहेत, तेवढं पुरतं.

पहिली पायरी: घराचे दोन आकडे

फोनवरच्या गूगल मॅप्समध्ये घरावर बोट दाबून धरा. खूण पडते आणि दोन दशांश आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास ते साधारण २२.७२ उत्तर आणि ७५.८६ पूर्व असे येतील. दशांशानंतर दोनच घरं घ्या. त्यात चूक एखाद्या किलोमीटरची होते, आपल्या कामाला चालते.

क्रम मात्र उलटा करू नका. मी सुरुवातीला आकडे उलटे भरले, तर इंदूर थेट बॅरेंट्स समुद्रात, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला, बर्फाळ पाण्यात जाऊन पडलं. मी अर्धा तास फोनलाच दोष देत बसले होते.

दुसरी पायरी: आडवी रेघ, उभी रेघ

आता आपल्या अक्षांशावरून बोट आडवं फिरवत न्या. पश्चिमेला बडोदा आहे २२.३१ वर आणि पूर्वेला कोलकाता २२.५७ वर. माझ्या डोक्यातला कोलकाता बराच वर होता, कारण बंगाल म्हटलं की हिमालयाच्या पायथ्याचं चित्र येतं. प्रत्यक्षात तो इंदूरपेक्षा किंचित दक्षिणेलाच आहे. बोट पुढे सरकवलं की तैवानचं काओश्युंग आणि पॅसिफिक ओलांडल्यावर थोडं वर क्यूबाचं हवाना. ग्वाल्हेरकर २६.२ वर आहेत, त्यांच्या शेजाऱ्यांची यादी वेगळीच निघेल.

उभी रेघ जास्त मजेची. वरून खाली: जयपूर ७५.७९, उज्जैन ७५.७८, इंदूर ७५.८६, भुसावळ ७५.७९, सोलापूर ७५.९१, आणि केरळात कोळिकोड ७५.७८. जवळजवळ पावणेदोन हजार किलोमीटर लांबीची रेघ आणि सहाही शहरं पंधरा किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात! यातल्या उज्जैनला तर मानाचं पान आहे. आपल्या जुन्या ज्योतिष-गणितात शून्य रेखांश उज्जैनवरूनच धरत. ग्रिनिच वगैरे फार नंतरचं. या रेघेबद्दल शेवटी पुन्हा बोलायचं आहे, लक्षात ठेवा.

तिसरी पायरी: घड्याळ खोटं कसं बोलतं ते काठीने बघा

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. आपण त्या रेषेच्या पश्चिमेला ६.६४ अंश, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर येतो सरासरी साडेसव्वीस मिनिटं उशिरा. बडोद्याला हाच उशीर ३७ मिनिटांचा, ग्वाल्हेरला १७ मिनिटांचा. मध्यान्ह बारा वाजता होते हे आपण शाळेत शिकलो. इंदुरात ती कुठल्याही दिवशी बाराला होत नाही.

पटत नसेल तर गच्चीत काठी उभी रोवा, ओळंब्याने सरळ करा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्ह. एकाच दिवसावर थांबू नका, कारण वर्षभरात ही वेळ मागेपुढे होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती इंदुरात साधारण १२:१० ला येते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४० च्या पुढे जाते. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट आहे आणि अक्ष कललेला आहे, म्हणून असं होतं.

काठी रोवलीच आहे, तर जूनचा पहिला आठवडा आणि जुलैचा पहिला आठवडा सोडू नका. त्या सुमाराला एकेक दिवस असा येतो की मध्यान्हीला सावलीच उरत नाही, पायाखाली जाते. ढग आडवे येतात ही गोष्ट वेगळी. जुलैतला दिवस मला अजून एकदाही साधलेला नाही. असं होतं कारण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. कर्कवृत्त उज्जैन जिल्ह्यातल्या डोंगला गावावरून जातं, तिथे वेधशाळाही आहे. त्या रेषेच्या उत्तरेला सावली कधीच नाहीशी होत नाही. ग्वाल्हेरला राहणाऱ्या माझ्या दिराला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “आमच्याकडे निदान सावली तरी साथ सोडत नाही.”

हे अंगवळणी पडलं की जगाचा वेळपट्ट्यांचा नकाशा उघडा. तो सरळ पट्ट्यांचा असेल अशी अपेक्षा असते, आणि दिसते ती फाटलेली गोधडी. नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. चीनचा विस्तार पाच वेळपट्ट्यांएवढा, पण घड्याळ सगळीकडे बीजिंगचं. त्यामुळे अफगाणिस्तान-चीन सीमेवर एक पाऊल टाकलं की घड्याळ एकदम साडेतीन तास पुढे.

चौथी पायरी: पावसाच्या थेंबाचा पाठलाग

एकच पायरी करणार असाल तर ही करा.

राजवाड्यावर पडलेला पाऊस कुठे जातो? खान नदीत. कागदोपत्री आता कान्ह, पण आमच्या तोंडी खानच. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून वाहणारी ही नदी उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत, यमुना प्रयागला गंगेत, आणि मग बंगालचा उपसागर. दोन हजार किलोमीटरहून मोठा प्रवास. आता नकाशात इंदूरपासून सर्वांत जवळचा समुद्र शोधा. तो आहे खंभातचं आखात, सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. घराजवळचा समुद्र सोडून आमचं पाणी देशाच्या दुसऱ्या टोकाला जातं!

कारण माळव्याचं पठार उत्तरेकडे उतरतं आहे. दक्षिणेकडे मात्र ते एकदम तुटतं आणि खाली निमाड लागतो. महूहून पुढे पाताळपाणीला गेलात की तो कडा दिसतो. पाताळपाणीचा धबधबा चोरल नदीवर आहे, आणि चोरल जाते नर्मदेला, म्हणजे अरबी समुद्राला. राजवाडा आणि पाताळपाणी यांत सहलीचा डबाही गार होत नाही एवढं अंतर, पण दोन्हीकडच्या थेंबांचे समुद्र वेगळे. महूजवळच्या जानापावच्या टेकडीवर चंबळ उगम पावते, आणि त्याच डोंगराचं दुसऱ्या उताराचं पाणी नर्मदेकडे पळतं. लहानपणी सोलापूरला जाताना गाडी पाताळपाणीनंतर घाटात हळू व्हायची, बोगदे यायचे, कालाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद मिळायचा. आपण तेव्हा एका समुद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरत होतो हे कुणी सांगितलं असतं, तर मी कलाकंद सोडून… नाही, कलाकंद सोडला नसताच.

आता खरी गंमत. इंदूर पितं ते पाणी खानचं नाही. १९७८ पासून नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून शहरात येतं. म्हणजे जे पाणी आपल्या वाटेने अरबी समुद्राला निघालं होतं, ते आपण वर उचलतो, वापरतो आणि खानच्या खोऱ्यात सोडतो. तिथून ते बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतं. रोज सकाळी दात घासताना आपण नर्मदेच्या पाण्याचा समुद्र बदलतो. २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी थेट क्षिप्रेच्या उगमाशी नेऊन सोडण्याची योजनाही सुरू झाली. नद्यांचा साधा नकाशा यातलं काहीच दाखवत नाही.

म्हणून हा नकाशा हाताने काढा. आलेखाच्या कागदावर इंदूर, महू, पाताळपाणी, उज्जैन, मंडलेश्वर मांडा. उत्तरेला जाणारं पाणी निळ्या रंगात, दक्षिणेला जाणारं हिरव्या रंगात. जिथे दोन रंग पाठीला पाठ लावून उभे राहतात तिथे लाल तुटक रेघ, हा जलविभाजक. मग नर्मदेपासून इंदूरपर्यंत एक हिरवा बाण त्या लाल रेघेवर उलटा चढवा. डोंगरउतार बघायला फोनवरचा भूरूप थर चालू करा. त्याहून बारकावे हवे असतील तर सर्व्हे ऑफ इंडियाचे समोच्च रेषांचे (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे) नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ आहेच.

पाचवी पायरी: पाताळात काय आहे?

जुनी माणसं अमेरिकेला पाताळ म्हणत. पायाखाली खणत गेलं की अमेरिका. तपासायला दोनच कृती कराव्या लागतात: अक्षांशाचा उत्तर खोडून दक्षिण लिहायचा आणि रेखांश १८० मधून वजा करून पूर्वेचं पश्चिम करायचं. इंदूरचं उत्तर येतं २२.७२ दक्षिण, १०४.१४ पश्चिम. तिथे आहे निव्वळ पाणी, दक्षिण पॅसिफिक. त्यातल्या त्यात ओळखीचं ठिकाण म्हणजे मोठमोठ्या दगडी चेहऱ्यांचं ईस्टर बेट, पण तेही सातशे किलोमीटर लांब. त्या बेटाच्या नेमकं उलट बाजूला जमीन शोधायची तर जैसलमेरकडे जावं लागतं. पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीच्या पायाखाली समुद्रच असतो, जमिनीखाली जमीन फक्त सातव्या हिश्श्याच्या आसपास.

सहावी पायरी: दोरा आणि फुगलेलं ग्रीनलंड

पृथ्वीगोलावर इंदूरहून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. न्यूयॉर्क पश्चिमेला, तेव्हा दोरा अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा जाईल असं वाटतं. तो निघतो जवळजवळ उत्तरेला, रशियावरून स्वीडन-नॉर्वेच्या उत्तर भागात आर्क्टिक वृत्त ओलांडतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून खाली उतरतो. हाच सर्वांत जवळचा रस्ता.

सपाट नकाशात हे दिसत नाही, कारण भिंतीवरचे आणि फोनवरचे बरेच नकाशे मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ च्या पद्धतीचे असतात. ती पद्धत खलाशांसाठी होती. होकायंत्राची दिशा सरळ रेषेत मिळावी म्हणून ध्रुवांकडची जमीन ताणलेली असते. इंदूरच्या अक्षांशावर क्षेत्रफळ साधारण सतरा-अठरा टक्के फुगतं. ७२ अंशांवर, ग्रीनलंडच्या मध्यावर, साडेदहा पट! ट्रेसिंग पेपरवर भारत गिरवा आणि ग्रीनलंडवर ठेवून बघा. भारत चिमुकला दिसेल. प्रत्यक्षात भारत सुमारे ३२.९ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१.७ लाख. आणि नकाशात ग्रीनलंडएवढाच वाटणारा आफ्रिका त्याच्या चौदा पट. म्हणून मर्केटर खोटा म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. ज्या कामासाठी तो केला ते काम तो चोख करतो. चूक त्याला वर्गात टांगणाऱ्यांची.

सातवी पायरी: माणसांचे चौकोन

मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांतलं मोठं कोण? क्षेत्रफळ जवळपास सारखं: ३,०८,००० च्या थोडं वर आणि ३,०८,००० च्या थोडं खाली. फरक साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास, तीन लाखांपुढे तो किस झाड की पत्ती. आता आलेखाच्या वहीत दहा लाख माणसांना एक चौकोन द्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राला ११२ चौकोन, मध्य प्रदेशाला ७३. दिल्लीला १७, तर दिल्लीच्या पन्नास पटींहून मोठ्या अरुणाचलाला दीडसुद्धा नाही. राज्यं आपापल्या जागी ठेवून असे चौकोन रंगवले की ओळखीचा भारत सुजलेला आणि आक्रसलेला दिसतो. पोरांकडून सुट्टीत करून घ्यायला उत्तम. दोन-तीन दुपारी शांततेत जातात.

आठवी पायरी: ठिगळांचा नकाशा

संस्थानांचे जुने नकाशे मिळाले तर अजिबात सोडू नका. होळकरांचं राज्य म्हणजे एक सलग तुकडा अशी कल्पना असते. नकाशात ते ठिगळं ठिगळं आहे. इंदूर होळकरांचं, पण उज्जैन शिंद्यांचं. मध्ये देवास पवारांचं, आणि तेही थोरली पाती आणि धाकटी पाती असं वाटलेलं, एकाच गावात दोन राजे. इंदूरहून देवासमार्गे उज्जैनला जाणारा माणूस एका दिवसात चार दरबारांच्या हद्दी तुडवत असे. गायकवाडांची तर आणखी तऱ्हा: बडोदा, नवसारी, कडी, अमरेली आणि थेट द्वारकेचा ओखामंडळ, मध्ये दुसऱ्यांचे मुलूख. फौजा जिथे पोचल्या, चौथाई जिथे बसली, तह जसे झाले, तशी ही ठिगळं पडली.

अशा ठिगळांचा कळस कूचबिहारकडे होता. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात, बांगलादेशाचे ५१ भारतात. त्यात ‘दहाला खाग्राबाडी’ नावाचा जमिनीचा तुकडा भारताचा, तो बांगलादेशाच्या तुकड्यात, तो भारताच्या तुकड्यात, आणि तो बांगलादेशात. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल होऊन हे सगळं मिटलं.

जुने नकाशे कालक्रमाने लावताना १९४८ ते १९५६ हे पान चुकवू नका. तेव्हा आपण ‘मध्य भारत’ नावाच्या राज्यात होतो, हिवाळी राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळी इंदूर. त्याच काळात ‘मध्य प्रदेश’ नावाचं राज्य वेगळंच होतं, आणि त्याची राजधानी होती नागपूर.

स्वतः काढलेला नकाशा चारचौघांत दाखवणार असाल तर एक पथ्य पाळा. देशाची बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच दाखवा. परदेशी संकेतस्थळावरून उचललेल्या नकाशात काश्मीर अर्धवट असतं, आणि ते कायद्याने चालत नाही.

नववी पायरी: फॉरवर्ड आला की

केदारनाथपासून रामेश्वरपर्यंतची शिवमंदिरं एका सरळ रेषेत, ७९ रेखांशावर आहेत, हा संदेश तुम्हालाही आला असेल. श्रद्धा ठेवा, पण वहीही उघडा. केदारनाथ ७९.०७, तेलंगणातलं कालेश्वरम ७९.९१, कांचीपुरम ७९.७, रामेश्वर ७९.३. दशांशानंतरचे आकडे झाकले की सगळे ७९, उघडले की पट्टा जवळजवळ नव्वद किलोमीटर रुंद. भुसावळ ते जळगाव अंतराच्या तिपटीहून जास्त.

आता माझ्या रेघेकडे या. जयपूर, उज्जैन, इंदूर, भुसावळ, सोलापूर, कोळिकोड, पंधरा किलोमीटरच्या आत. त्या संदेशातल्या रेषेपेक्षा कितीतरी सरळ! मीही आठवडाभर यात काही संकेत आहे का म्हणून हुरळले होते. मग कोऱ्या कागदावर देशातली दीडशे मोठी शहरं मांडली आणि पट्टी उभी धरून सरकवत नेली. जिथे थांबावं तिथे चार-पाच शहरं पट्टीखाली येतातच. मी मला हवी ती सहा उचलली होती, आणि मनमाड, दौंड, खंडवा यांच्याकडे काणाडोळा केला होता.

हे सगळं मावशीला फोनवर सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, सरळ खालीच होतो ना आम्ही? मग एवढी वर्षं मनमाडला रात्रभर फलाटावर कशाला बसवलंत मला?”